हलकं सुकाणू

वारा वाढला की आमची सोळा फुटी कॅटामरान हट्टाने वाऱ्याकडे तोंड वळवायची. तिला सरळ ठेवताना माझे दंड भरून यायचे.

एका जुन्या खलाशाने सुकाणूची पाती दाखवली. ती पूर्ण खाली न बसता मागे कलत होती. बिजागरीच्या रेषेमागे जितकं जास्त पातं, तितका हाताला भार जास्त. आम्ही ती जरा पुढे घेऊन पक्की केली. दांडा दोन बोटांनी हलू लागला. मी खूश.

तो म्हणाला, "पोरा, हात हलका झाला. होडी तशीच आहे."

डोलकाठीच फार मागे कलली होती. शिडाचा जोर मागे पडत होता, होडी अजूनही वळू पाहत होती. तिला रोखणारी पाती पाण्यात तिरकी राहून वेग खात होती. मला ते जाणवणं तेवढं थांबलं होतं.

भांडणानंतर वडिलांचे फोन म्यूट केले, तेव्हाही असंच हलकं वाटलं होतं. त्रास थांबला म्हणजे दोष संपला, असं आपण किती सहज धरून चालतो!

डोलकाठी पुढे घेतली. थोडा भार मात्र मुद्दाम ठेवला. हात सुटलाच, तर होडी वाऱ्याकडे वळून थांबते.

संध्याकाळी मी वडिलांना फोन लावला.