दहापैकी दहा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली, तेव्हा नववीतल्या निम्म्या मुलांचे आईबाप गावात नव्हते. बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत दरवर्षी हेच होतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला असे कितीतरी कोयते कारखान्यांच्या वाटेला लागले होते. तान्ही लेकरं टोळीबरोबर गेली, थोरली आजीआजोबांपाशी राहिली. आता आईबाप परतायचे ते हंगाम आटोपल्यावर, मार्च-एप्रिलात.

त्याच आठवड्यात बाईंनी जीवनकौशल्यांची चाचणी घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या दशकात मांडलेली दहा कौशल्यं मुलांना पाठ होती: स्वतःची जाणीव, समानुभूती, निर्णय घेणं, भावनांचं समायोजन, ताणाचं समायोजन आणि बाकीची पाच. तिसऱ्या बाकावरच्या मुलाला दहापैकी दहा गुण पडले. समानुभूतीची व्याख्या तर त्याने पुस्तकापेक्षा सोपी करून लिहिली होती.

मधल्या सुट्टीत डबे उघडले. मुकादमाचा मुलगा त्याच्या डब्यात डोकावून म्हणाला, ‘‘काल पण ठेचा, आज पण ठेचा. माय कोयत्यावर गेली वाटतं!’’ चार-पाच जण हसले. पुढच्या क्षणी डबा उपडा झाला होता आणि मुकादमाच्या मुलाच्या ओठातून रक्त येत होतं.

हेडसर चिडले. ‘‘एवढा घोडा झालाय, कळत नाही का?’’ उंचीच्या मानाने कळायला हवं, हे मोठ्यांचं नेहमीचं गणित. पण या वयात भावना उसळून येतात त्या पूर्ण जोराने, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्व व्हायला साधारण पंचविशी उजाडते. मधली दहा वर्षं मुलाला नुसतं दटावून भागत नाही, कुणीतरी सोबत लागतं. हेडसरांनी माफीनामा लिहून घेतला. मुलाने तोही बिनचूक लिहिला.

पालकांना बोलावणं धाडलं, तर आजी आली. चपला बाहेर काढून दारातच उभी राहिली. ‘‘पोरगं वाईट न्हाई साहेब. रातीचं झोपत न्हाई. मायशी बोलणं न्हाई किती दिसांत. माझ्या फोनात पैसेच न्हाईत.’’

हेडसर मान हलवून कामाला लागले. बाईंच्या कानात मात्र ते वाक्य राहिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. सगळ्यांना कागदाचे कपटे वाटले आणि म्हणाल्या, ‘‘नाव घालू नका. राग येतो तेव्हा अंगात आधी कुठे कळतं, तेवढंच लिहा.’’ मुलं एकमेकांकडे बघू लागली. असलं कुणी कधी विचारलंच नव्हतं. मग हळूहळू पेनं चालली. बाई एकेक कपटा वाचू लागल्या. कान तापतात. दात आवळले जातात. पोटात गोळा येतो. हात थरथरतात, मग ते लपवायला मी जोरात बोलते. वर्गातली खुसखुस थांबली. एका कपट्यावर होतं: ‘राग नंतर येतो. आधी आई आठवते.’

बाईंनी अक्षर ओळखलं असणार. पण मान वर न करता त्यांनी पुढचा कपटा घेतला. त्या दिवशीचं सगळ्यात मोठं शिकवणं मला यातच दिसतं. मूल मनातलं बोलू धजतं ते अशा भरवशावर, आणि तो एकदा मोडला की कितीही तास घेतले तरी परत मिळत नाही.

‘‘कान तापल्यापासून हात उठेपर्यंत किती वेळ असतो?’’ त्यांनी विचारलं. कुणी म्हणालं, काहीच नसतो. एक मुलगी म्हणाली, ‘‘असतो, पण थोडा.’’ त्या थोड्या वेळात काय करता येईल यावर अर्धा तास वाद झाला. आकडे मोजायची युक्ती मुलांनी हसण्यावारी नेली. टाकीवर जाऊन तोंडावर पाणी मारून यायचं, आणि त्याला कुणी ‘पळाला’ म्हणायचं नाही, हे मात्र सगळ्यांनी मिळून ठरवलं.

शाळा सुटल्यावर बाईंनी त्या दोघांना थांबवलं.

‘‘तू ते बोललास तेव्हा मनात काय होतं?’’

मुकादमाचा मुलगा बराच वेळ गप्प होता. ‘‘सगळे हसतील असं वाटलं.’’

‘‘हसले?’’

‘‘हसले. पण तो डबा त्याने स्वतः केला होता, हे मला माहीत नव्हतं.’’

दुसरा खाली बघतच म्हणाला, ‘‘आजीला दिसत नाही नीट. भाकरी मीच थापतो.’’

‘‘आता काय केलं म्हणजे हे भरून निघेल?’’ बाईंनी विचारलं आणि त्या थांबल्या. उत्तर सुचवायचा मोह त्यांनी आवरला.

‘‘आमचे अण्णा टोळीवरच असतात,’’ मुकादमाचा मुलगा म्हणाला. ‘‘रोज रात्री आठला त्यांचा फोन येतो. तू ये घरी. तुझ्या मायला बोलवायला सांगतो त्यांना.’’

त्या रात्री मायलेक बोलले. त्यानंतरही आठवड्यातून दोनदा तो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसू लागला.

मुलाचा स्वभाव काही रातोरात पालटला नाही. जानेवारीत कबड्डीच्या डावात पुन्हा ठिणगी पडली. बाद की नाही यावरून बाचाबाची झाली आणि मुकादमाच्या मुलाच्या तोंडून पुन्हा आईवरून शब्द गेला. दुसऱ्याच्या मुठी वळल्या. मग तो फिरला आणि तडक टाकीकडे गेला. दोन्ही संघ जागच्या जागी उभे. कुणीही ‘पळाला’ म्हटलं नाही.

तो परत आला तेव्हा शर्ट पुढून भिजलेला होता. सरळ समोर जाऊन म्हणाला, ‘‘बाद मी झालोच नाही, ते बघू नंतर. पण मायवरून बोललास ते लागलं मला.’’

‘‘चुकलं,’’ मुकादमाचा मुलगा म्हणाला. ‘‘बाद नव्हतास तू. घे, चढाई तुझी.’’