परक्या घरचा पाहुणा

प्रवासाने माणूस शहाणा होतो, असे आपण सहज म्हणतो. परंतु नुसती स्थळे पाहून छायाचित्रे जमतात. मन होते तेवढेच राहते. मग शाळकरी मुलांना परदेशी धाडण्यात कोणते हित आहे?

पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, काही अमेरिकन स्वयंसेवक फ्रान्समध्ये रुग्णवाहिकांतून जखमी सैनिक वाहून नेऊ लागले. त्यांच्याच ‘अमेरिकन फील्ड सर्व्हिस’ या संघटनेने दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, शालेय विद्यार्थ्यांची देवाणघेवाण सुरू केली. तीत विद्यार्थी हॉटेलात उतरत नाही. एखाद्या कुटुंबात घरच्या मुलासारखा राहतो व तिथल्याच शाळेत जातो.

खरा धडा येथेच आहे. घरी हुशार गणला गेलेला मुलगा तिथे साधे मीठ मागतानाही अडखळतो. आपल्यावाचून जगाचे अडत नाही, आपले मात्र पदोपदी दुसऱ्यावाचून अडते, हे त्याला उमगते. द्यावे कसे, हे आपण मुलांना शिकवतो. नम्रपणे घ्यावे कसे, हे परके घरच शिकवते. जिथे आपल्याला मायेने वाढले गेले, त्या देशाचा द्वेष करणे पुढे जड जाते.

मात्र परतलेल्या मुलाची परीक्षा आपल्याच दाराशी होते. गावात नव्याने आलेल्या परप्रांतीय मजुराला तो कसे वागवतो? तिथे त्याची मान आदराने लवली, तरच तो खरोखर प्रवास करून आला.