चुकण्याचा हक्क

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी माझा पुतण्या मुंबईहून आला, तो एक प्रश्न घेऊनच. एका म्युच्युअल फंडाच्या कचेरीत तो आठ वर्षे मागच्या खोलीतले काम करीत होता. पुढच्या खोलीतल्यांनी शेअर घ्यायचे-विकायचे. याने त्या सौद्यांचा मेळ बसवायचा, पैसे आणि शेअर ठरल्या वेळी हाती आले की नाही ते पाहायचे, दिवसाअखेर युनिटचे मूल्य काढण्यापूर्वी आकडे तपासायचे. २०२३ च्या जानेवारीपासून आपल्या शेअरबाजारातला सौदा दुसऱ्याच दिवशी पुरा व्हावा लागतो. आजची चूक परवावर ढकलण्याची सोयच उरली नाही.

आता त्याला पुढच्या खोलीत बोलावले होते. लोकांचे पैसे कुठे गुंतवायचे, हे ठरविणाऱ्यांत बसायचे.

"काका, जाऊ का?" पाटावरच्या वहीला हळदकुंकू वाहता वाहता त्याने विचारले.

"आहे ते काय वाईट आहे?" वहिनी आतूनच म्हणाल्या.

वहिनींचे म्हणणे वाटते तितके भाबडे नव्हते. कीर्द-खतावणी जुळली की हिशेबनीस स्वस्थ झोपतो. त्याच्या जगात बरोबर ते बरोबर आणि चूक ती चूक. पैसे गुंतविणाऱ्याच्या नशिबी हे सुख नाही. तो महिनाभर अभ्यास करूनही बुडतो, आणि शेजारचा ऐकीव बातमीवर कमावतो. फळावरून माणसाची पारख करावी, तर दोघांचीही चुकीचीच व्हायची. त्यातून पैसा परक्याचा. कोणा निवृत्त पोस्टमास्तराचा, कोणा शिवणकाम करणाऱ्या बाईचा.

मी त्याला निक लीसनची गोष्ट सांगितली. (मास्तरांना उदाहरणाशिवाय बोलता येत नाही!) लंडनची बेअरिंग्ज ही १७६२ साली स्थापन झालेली पेढी. लीसन तिथे मागच्या खोलीतला, सौदे निस्तरणारा कारकून. १९९२ मध्ये त्याला सिंगापुरास धाडले, आणि तिथे तो स्वतः सौदे करू लागला. तोटा झाला की चुकांसाठी उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो दडवी. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबेला भूकंप झाला, जपानचा बाजार कोसळला, आणि दीड महिन्याच्या आतच पेढी बुडाली. तोटा सुमारे ८३ कोटी पौंडांचा. पुढे एका डच संस्थेने ती पेढी अवघ्या एका पौंडाला घेतली.

"तो माझ्याच खोलीतला होता, काका. म्हणून तर भीती वाटते."

पण लीसन पुढच्या खोलीत गेला, हा त्याचा गुन्हा नव्हे. मागच्या खोलीची किल्ली त्याच्याच खिशात राहिली, तिथे घात झाला. उत्तरपत्रिका लिहायचीही त्याने आणि तपासायचीही त्यानेच! चूक कुठे सापडते हे ज्याला ठाऊक, ती कुठे सापडणार नाही हेही त्यालाच ठाऊक असते.

एवढे बोलून थांबलो असतो, तर शहाणा ठरलो असतो. पण त्या रात्री मला माझीच एक वही आठवली. पूर्वी आम्हा शाळेतल्या नोकरांच्या पतसंस्थेचे हिशेब माझ्याकडे असत. एकदा मला कर्जे मंजूर करणाऱ्या समितीवर यावे म्हणून आग्रह झाला. "मला आपला हिशेबच बरा," असे म्हणून मी नाही म्हटले. लोकांनी मला निःस्पृह ठरविले. मीही ते मानून घेतले. त्याच वर्षी आमच्या एका शिपायाने मुलीच्या शिक्षणासाठी अर्ज केला. अकरा वर्षांत त्याचा एकही हप्ता चुकला नव्हता, हे माझ्या वहीत होते. समितीने ती वही मागवली नाही, आणि मीही नेऊन दाखवली नाही. 'नामंजूर' हा शब्द तेवढा मी सुवाच्य अक्षरात लिहिला. मुलीची शाळा सुटली. माझा ताळेबंद त्या वर्षीही बिनचूक होता.

हे मी घरात कोणाला सांगितले नव्हते, त्याला सांगितले. तो बराच वेळ पणतीची वात सारीत बसला.

जानेवारीत तो पुढच्या खोलीत गेला. परवा त्याचा फोन आला. त्याच्या जागी आलेल्या पोराने त्याच्याच कागदावर लाल खूण केली होती.

"राग आला?"

"आला. मग आकडा पाहिला. चूक माझीच होती."

वहिनींनी फोन माझ्या हातून घेतला आणि विचारले, "जेवलास का?"