संशयाचा फायदा कोणाला?

न्यायालयात पुरावा अपुरा पडला, तर संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. चिरेखाणीसाठी मागितलेल्या जमिनीविषयी संशय उत्पन्न झाला, तर त्याचा फायदा कोणाला द्यावा? खाण मागणाऱ्या माणसाला, की त्या जमिनीवर कदाचित असलेल्या, पण अद्याप कोणाच्याच दृष्टीस न पडलेल्या प्राचीन ठेव्याला? वरकरणी हा प्रश्न पुरातत्त्वज्ञांचा वाटतो. मुळात तो नीतिशास्त्राचा आहे.

कोकणातील जांभ्याच्या सड्यांवर प्राचीन मानवाने कोरलेल्या हजारांहून अधिक आकृती आज ज्ञात आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवून, गुराख्यांना व वृद्धांना विचारून त्यांतील अनेक उजेडात आणल्या. कशेळीच्या सड्यावरील हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा आहे. या चित्रांत शेतीचा मागमूस नाही; म्हणून ती शेतीपूर्व काळातील असावीत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. २०२२ साली महाराष्ट्रातील आठ आणि गोव्यातील एक अशी नऊ स्थळे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत समाविष्ट झाली.

ही चित्रे भूगर्भात नाहीत. ती कातळाच्या अगदी पृष्ठभागावर, पुष्कळदा माती व गवताच्या पातळ आवरणाखाली आहेत. चिरे काढताना तोच वरचा थर प्रथम काढून टाकला जातो. अन्यत्र खोदता खोदता काही सापडले, तर काम थांबवता येते. येथे पहिलाच घाव अखेरचा ठरू शकतो.

कायदा अशा वेळी अपुरा पडतो. राष्ट्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकामास मनाई आहे. परंतु जे जाहीरच झालेले नाही, त्याचे रक्षण हा नियम कसा करणार? जेथे कायद्याची दृष्टी पोहोचत नाही, तेथे सदसद्विवेकबुद्धीचे काम सुरू होते.

जुन्या नीतिशास्त्रज्ञांनी शिकाऱ्याचे एक उदाहरण दिले आहे. झुडपात हालचाल होते. तेथे हरिण असेल किंवा माणूस. हरिण असण्याची शक्यता अधिक असली, तरी खात्री केल्याविना बाण सोडण्याचा अधिकार शिकाऱ्याला नाही. कातळावरील रेषांची बरोबरी मनुष्याच्या प्राणाशी होऊ शकत नाही, हे खरे. तथापि जी हानी कधीच भरून येणार नाही आणि जो संशय थोड्या श्रमाने दूर होऊ शकतो, तेथे न पाहता कृती करणे हा निव्वळ अविचार नव्हे. तो दोष आहे.

याला एक प्रामाणिक आक्षेप आहे. चिऱ्यांवर मजुरांची पोटे चालतात, गोरगरिबांची घरे उभी राहतात. १६०५ साली पूर्ण झालेली जुन्या गोव्याची बॉम जेझूची बासिलिकाही जांभ्याचीच आहे. खाणी नकोत, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोठून येणार? म्हणूनच नीतिशास्त्र पूर्ण खात्री मागत नाही. ते नैतिक निश्चिती मागते. पावसाळ्यानंतर गवत काढावे, माती झाडावी, तज्ज्ञाने जमीन पायाखालून घालावी, गुराख्याला विचारावे, छायाचित्रे घ्यावीत. काही एकरांच्या जमिनीसाठी याला वर्षे लागत नाहीत. खर्च नफा घेणाऱ्याने सोसावा. पाहणारा मात्र त्याचा मिंधा नसावा. ‘काही आढळले नाही’ हा निष्कर्षही नाव व सहीनिशी लिहिला जावा.

आणि आढळले तर? नकाशा काढून चित्र तोडले तर काय बिघडले, असे विचारले जाते. या चित्रांचा अर्थ अद्याप पूर्णपणे लागलेला नाही. ज्या लिखाणाचा अर्थ कळत नाही, त्याची नक्कल करताना आपण काय गाळले, हेही आपल्याला कळणार नाही. नोंद आवश्यक आहे. परंतु ती मूळ वस्तूची जागा घेऊ शकत नाही. तेवढा तुकडा सोडून खाण दुसरीकडे न्यावी, हेच उचित.

तेव्हा प्रारंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देता येईल: कोणी डोळे उघडून पाहिलेले नाही, तोवर संशयाचा फायदा कातळाला, प्रामाणिकपणे पाहूनही काही आढळले नाही, तर तो खाणीवरच्या मजुराला. न पाहण्याचा फायदा मात्र कोणालाच मिळू नये.