उतार

मौजे वरकुटे, तालुका इंदापूर, असा ज्याचा पत्ता सरकारी दप्तरात नोंदलेला आहे, त्याला डोंगर आणि समुद्र पाहावयाचे झाल्यास पश्चिमेची वाट धरण्यावाचून गत्यंतर नसते. कारण भीमा आणि नीरा यांच्या बेचक्यातला आमचा मुलूख पर्जन्यछायेतला, आणि या दोन्ही नद्यांचे पाणीही मूळचे सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे. गेल्या माघात वाई, महाबळेश्वर आणि हरिहरेश्वर असा बेत ठरला, तेव्हा पंढरीखेरीज कोठेही न जाणारे आमचे अण्णाचुलते म्हणाले, “देव चराचरात आहे म्हणतोस, मग त्याला बघायला एवढं लांब कशापायी?” प्रश्न जुनाच; परंतु गाडीभाडे भरून झाल्यावर विचारला गेला की तो अधिक टोचतो.

वाईला ढोल्या गणपतीसमोर कृष्णेच्या पायऱ्यांवर बसलो असता या गावच्या प्राज्ञपाठशाळेची आठवण झाली. तेथे केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली लक्ष्मणशास्त्री जोशी घडले. धर्मकोशासारखे अवाढव्य काम ज्यांनी अंगावर घेतले आणि अस्पृश्यतेच्या विरुद्ध जे शास्त्र हाती घेऊन उभे राहिले, ते हेच शास्त्रीबोवा. त्यांच्या ‘तर्कतीर्थ’ या पदवीतला उत्तरार्ध आजवर मी नुसता वाचीत आलो होतो. ‘तृ’ म्हणजे तरून जाणे. तीर्थ म्हणजे मुळात नदीत उतरण्याची, नदी ओलांडण्याची जागा. आमच्या बोलीत, उतार.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांचा उगम एकत्र मानतात. त्यांतील सावित्री पश्चिमेचा कडा उतरून, पोलादपूर-महाडावरून जाऊन, बाणकोटच्या खाडीने अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र आमच्या भीमेला पोटात घेऊन, सुमारे 1400 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. कोणत्या थेंबाने कोणत्या अंगाला वळावे, यात पूर्वसंचिताचा हिशेब शोधणाऱ्यांशी माझे फारसे जमत नाही. सह्याद्रीचा माथा निरुंद आहे, एवढेच कारण मला पुरते.

आंबेनळी घाटाने आम्हीही सावित्रीच्या मागोमाग उतरलो. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा देवळामागची टेकडी चढून, दगडी पायऱ्यांच्या अरुंद खिंडीतून एकदम समुद्राच्या खडकांवर येते, आणि हे खडक भरतीला पाण्याखाली असल्यामुळे ओहोटीवाचून ती पुरी होत नाही. सर्वव्यापी परमेश्वराभोवती फिरायचे, तर चंद्राच्या सवडीने! आम्ही ताटकळत बसलो. पाणी हटले तेव्हा पोळ्यासारखे भोकाभोकांचे खडक उघडे पडले. एका भोकात कुणाच्या ओंजळीतले जास्वंदाचे फूल अडकले होते आणि एक इवलासा खेकडा त्याला आत ओढू पाहत होता. माझ्यापुढची म्हातारी ओचा खोवून, हात टेकत टेकत चालली होती. तिच्या पावलाखालचा दगड इतर दगडांहून गुळगुळीत होता.

परत आल्यावर अण्णांना म्हटले, नदी गावाच्या अंगाने कोसभर वाहते, तरी गुरे पाण्यावर न्यावी लागतात ती उताराशीच. अन्यत्र एक तर दरड, नाही तर गाळ. क्षेत्रात देव अधिक असतो असे नव्हे. तेथे काठ खाली आलेला असतो, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या उतरणाऱ्या पायांनी आणलेला असतो. तुकोबांची पालखी आपल्याच तालुक्यात सराटीला येते, पादुकांना नीरास्नान होते, मग ती अकलूजच्या वाटेला लागते. नीरा काय तेवढ्या सराटीलाच आहे?

अण्णांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. “आणि उतारच पाण्यात गेला म्हणजे?”

त्यांचा रोख पळसदेवाकडे होता. उजनीचे धरण 1980 मध्ये पुरे झाले; त्याच्या जलाशयात जुने गाव गेले, पळसनाथाचे देऊळ गेले, आणि गावकऱ्यांनी देव नव्या गावठाणात नेला. पाणी पुष्कळ ओसरल्यावर उन्हाळ्यात आधी शिखर वर येते, मग मंडप. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

वैशाखात अण्णांनीच होडी ठरवली. मंडपातला गाळ वाळून भेगाळला होता, खांबांवर शिंपले चिकटले होते, गाभारा रिकामा. अण्णांनी बाहेर चपला काढल्या, धोतराच्या सोग्याने उंबऱ्यावरचा गाळ पुसला आणि त्यावर डोके टेकले. ते बराच वेळ उठले नाहीत. वारा सुटू लागला होता. नावाडी दोनदा हाका मारून गेला, तरी मी त्यांच्या चपला हातात घेऊन तसाच उभा होतो.