क्षमा कुणी करायची?

आमच्या आचऱ्यात रामेश्वरापुढे गाऱ्हाणे घालताना चुकलेमाकले पदरात घे म्हणून देवाला विनवतात, आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. चुकले ते कुणाच्या बाबतीत, हे मात्र सांगावे लागत नाही. देव क्षमाशील खरा. पण ज्याचा बांध कोरला, जिच्या जन्माची माती केली, त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार देवाला तरी कुणी दिला?

‘कुंकू’ हा बोलपट मला हाच प्रश्न घालतो. ‘प्रभात’साठी व्ही. शांतारामांनी तो 1937 साली काढला; कथा नारायण हरी आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली. मामा पैशाच्या लोभाने पोरक्या नीरेचे लग्न फसवून एका वृद्ध वकिलाशी लावतो. मंगलाष्टके झाली, अग्नी साक्षीला होता. धर्माच्या वहीत पापाची नोंद नाही. शांता आपट्यांची नीरा मात्र ते लग्न मानीत नाही. केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना हळूहळू आपला अपराध उमगतो. अखेर ते जीव देतात, आणि नव्या संसाराची मोकळीक नीरेला पत्रातून देऊन जातात.

प्रेक्षक डोळे पुसतात. मला ते पत्र टोचते. मेलेल्या माणसाच्या पत्राला उत्तर कुठे धाडायचे? लग्न ठरले तेव्हा नीरेला कुणी विचारले नव्हते. सुटका ठरली तेव्हाही नाही. विधवाविवाहाचा कायदा 1856 सालीच झाला होता, पण कायद्याने दार उघडले तरी उंबऱ्यावर समाज उभा होताच.

कुणी म्हणेल, प्राण दिले, आणखी काय द्यायचे? काकासाहेबांचा पश्चात्ताप खोटा नव्हे. परंतु जिच्यावर अन्याय केला तिच्यासमोर जिवंतपणी उभे राहावे, ती ‘नाही’ म्हणाली तर तेही ऐकून घ्यावे, हे मरणाहून कठीण. नकाराची मुभा ठेवून मागतात ती क्षमा; नाहीतर ती वसुलीच.

नरकचतुर्दशीला आपण तुळशीपाशी कारीट अंगठ्याखाली फोडतो, त्याचा कडूपणा जिभेला लावतो. नरकासुर द्वापारातला, तो चिरडायला सोपा. आपल्या हातून जो दुखावला, त्याच्या दारी फराळापूर्वी जावे, देवळात मागाहून. दार उघडायचे की नाही, हे त्याच्यावर सोपवावे.