टायरचे दात

नेकनूरच्या जनावरांच्या बाजारात आप्पांची सारी हयात हेडी म्हणून गेली. बैल बघायचा तर आधी जबडा उघडायचा. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दातावरनं वय, वयावरनं काम आणि कामावरनं किंमत. शिंगं तासून, तेल चोळून उभा केलेला म्हातारा बैल त्यांना लांबूनच कळायचा. कळणारच. तशी शिंगं त्यांनीही तासली होती आणि तसले बैल भल्याभल्यांच्या गळ्यात मारले होते. गुडघे गेले, बाजार सुटला, आणि आप्पा बीडला लेकाकडं येऊन राहिले.

लेक जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. शाळा केजच्या अलीकडं, म्हणजे रोज मांजरसुंब्याचा घाट धरून नव्वद किलोमीटरची ये-जा. गाडी डिझायर, तीही दुसऱ्याची वापरलेली. शाळेतल्याच एका सरांकडं तशीच गाडी होती, म्हणून एक आठवडा यांची, एक आठवडा त्यांची, असं दोघांचं चालायचं. 2023 च्या जानेवारीत दोन्ही गाड्यांचे टायर एकदमच गोटा झाले.

सरांनी एक दुकान हुडकून काढलं. बावीसशेला एक टायर. ‘नव्या गाडीचे काढून ठेवलेत, फक्त शोरूम ते घर एवढेच चाललेत,’ असं दुकानदाराचं म्हणणं. आप्पा उगीच हवा खायला म्हणून सोबत गेले होते. टायर असे काळेभोर चमकत होते की बोट लावलं तर बोट काळं व्हावं. आप्पांनी लावलं, झालं. धोतराला न पुसता त्यांनी ते बोट तसंच धरून विचारलं, “ह्याचं वय काय?”

“काका, टायरला कुठं वय असतंय?”

सर हसले. “आप्पा, बैल नाहीये हा.”

आप्पांनी आणखी एक केलं. उपरणं हातावर टाकून ते दुकानदारापुढं धरलं. बाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली बोटं दाबून, चारचौघांना कळू न देता. दुकानदाराला काही उमगलं नाही. तो उपरण्याकडं बघत राहिला आणि मग मोबाईल पुढं करून म्हणाला, “काका, स्कॅन करा.” सरांनी तिथंच चार टायर बसवून घेतले. आप्पा मात्र गाडीत जाऊन बसले होते, आणि बाप गाडीत बसल्यावर गुरुजींना सौदा पुढं रेटवेना.

दुसऱ्या दिवशी मांजरसुंब्याच्या चौकात पंक्चरवाल्या चाचांकडं गाडी थांबली. टायरला वय असतं का, हे आप्पांनीच विचारायला लावलं होतं. चाचांनी हातातली पहार खाली ठेवली आणि टायरची बाजू चिंधीनं पुसली. एका लांबट चौकटीत चार आकडे उमटले होते : 2317. “तेविसावा आठवडा, सन 2017. कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा दाखला आहे हा. पाच-सहा वर्षं झाली की रबर कडक होतं. उभ्या गाडीचं पण होतं. आपल्याकडचं ऊन बघा ना.” मग बोट सरकवत त्यांनी सगळी अक्षरं वाचून दाखवली. 165/80 आर 14 म्हणजे रुंदी 165 मिलिमीटर, उंची रुंदीच्या ऐंशी टक्के, बांधणी रेडियल आणि रिम चौदा इंची. पुढचा 85 म्हणजे एका टायरवर 515 किलोपर्यंतचं वजन, आणि टी म्हणजे ताशी 190 किलोमीटरपर्यंतचा वेग. “तेवढं तुम्ही पळवणार नाही. पण 85 च्या खालचा टायर कुणी दिला तर घेऊ नका. पाच माणसं आणि डिकीत ज्वारीचं पोतं असतं आपल्याकडं.”

सगळ्यात कामाची गोष्ट चाचांनी शेवटी दाखवली. नक्षीच्या खाचेत तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्यांना टेकली की 1.6 मिलिमीटर उरली. कायद्याची हद्दही तीच. जुना टायर घेऊन तापल्या पात्यानं खाचा खोल करणारे लोक हे उंचवटेही कापून टाकतात. “खाच खोल आणि उंचवटा गायब, तर समजून जा.”

संध्याकाळी हे ऐकून आप्पा नुसतं “शिंगं तासल्यात,” म्हणाले.

गुरुजींनी मग गणित मांडलं. वर्षाला वीसेक हजार किलोमीटर. देशी कंपनीचा साधा, आयएसआय छापाचा, तीन महिन्यांपूर्वीच बनलेला टायर त्याच मापात त्रेचाळीसशेला मिळत होता. चारांचे सतरा हजार दोनशे. चाळीस हजार चालला तर किलोमीटरला त्रेचाळीस पैसे. सरांचे चार आठ हजार आठशेला पडले होते. ते बारा हजार चालले तरी देवाची कृपा, म्हणजे त्र्याहत्तर पैसे. एका दुकानदारानं रुंद टायरचा आग्रह केला, ‘गाडी भारी दिसते’ म्हणून. गुरुजींनी कंपनीचंच माप ठेवलं, चाकांचं अलाइनमेंट करून घेतलं आणि दारालगतच्या पट्टीवरचा हवेचा आकडा वहीत लिहिला. हवा कमी असली की टायर दबून वळतो, वळून तापतो, आणि मे महिन्यात तापलेल्या टायरला फुटायला निमित्त लागत नाही. ती हवा भरायचीही सकाळी, टायर गार असताना. एवढ्या तयारीनं गुरुजींना जरा ताठा आला. शाळेत ते टायरांवर व्याख्यान देऊ लागले, आणि सर तेवढा वेळ वर्तमानपत्र वाचू लागले.

मे महिन्यात सरांच्या भाचीचं लग्न मेहकरला होतं. आदल्या दिवशी केजला चुलत्याकडचं लग्न, त्यामुळं निघायला सकाळ उजाडली. मुहूर्त साडेबाराचा. जालन्याहून समृद्धी महामार्गाला लागलं की तासाभरात मेहकर, असा हिशोब. पण त्या साली समृद्धीवरचे अपघात वाढले होते. सिमेंटचा सरळ रस्ता, ताशी 120 ची मर्यादा आणि वर ऊन, यात टायर फुटण्याचे प्रकार घडत होते. परिवहन विभागानं प्रवेशाजवळच टायर तपासायला सुरुवात केली होती. सरांच्या गाडीशी निरीक्षक वाकला, पुढच्या चाकाच्या आतल्या कडेवर त्यानं बोट फिरवलं. तिथं तारा दिसत होत्या.

“मी नवरीचा मामा आहे हो!”

“म्हणूनच म्हणतो, पोचा.”

गाडी वळवून सिंदखेड राजा करत जुन्या रस्त्यानं सर निघाले, तेही भीतभीत, चाळीसच्या वेगानं. मंगलाष्टकांच्या वेळी मांडवात ‘मामा, मुलीला घेऊन या’ असा पुकारा तीनदा झाला. आपल्याकडं मुहूर्त तासभर पुढं ढकलायची सोय असते, तीही वापरून झाली. शेवटी दूरच्या एका मामांनी नवरीला बोहल्यावर नेलं. सर पोचले तेव्हा पंगत बसली होती. बहीण त्यांच्याशी बोलली नाही.

पुढच्या रविवारी सर गुरुजींच्या दारात आले. गुरुजींना त्यांनी रामराम घातला, पण हाक आत मारली, “आप्पा, जरा येताव का माझ्यासंगं? टायर घ्यायचेत.”

आप्पांनी टोपी घातली. तिघं मिळून गेले, आकडे वाचले, उंचवटे बघितले, चार टायर बसले. दुकानदाराला या वेळी उपरण्याची बोली कळत होती. त्याचा बाप पूर्वी शेळ्यांच्या धंद्यात होता म्हणे. दोनशे रुपये सुटले. गुरुजी तोवर सरांना हवा कधी भरायची ते समजावून सांगत होते.

आप्पा सरांच्या गाडीला वळसा घालून मागं गेले, तिथून गुरुजींच्या गाडीकडं, आणि लेकाला म्हणाले, “डिकी उघड.”

“आता काय राहिलं?”

“पाचवा.”

गुरुजींनी स्टेपनी बाहेर काढली. नक्षी अगदी कोरी, जमिनीला कधी टेकली नसावी. सरांनी चिंधीनं चौकट पुसली आणि मोठ्यानं वाचलं, “चार, आठ, एक, दोन.”